सायकल पोलोत सारखा पाय टेकतोय? बॅलन्सला शिव्या देण्याआधी सायकल तपासा

दर रविवारी सकाळी इंदूरात राजेंद्रनगरच्या बाजूला आमची मंडळी सायकल पोलो खेळते आणि नवीन आलेला प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या गेमनंतर माझ्याकडे येऊन एकच रडगाणं गातो, "काका, माझा बॅलन्सच नाहीये, सारखा पाय खाली येतो." मी म्हणतो आधी सायकल इकडे आण. बहुतेक वेळा माणूस ठीक असतो आणि सायकलमध्येच काहीतरी निघतं, तेही फुकटात किंवा थोडक्या पैशात सुटणारं. दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सिमेंटच्या कोर्टावर तीन विरुद्ध तीन, बॉल मधोमध, दोन्हीकडून एकेक जण सुसाट बॉलकडे, आणि पाच गोल पहिले करेल तो जिंकला. गोल फक्त स्टिकच्या डोक्याच्या (खाली हातोडीसारखी आडवी नळी असते ती) टोकाकडच्या बाजूने मारलेलाच धरतात, आडव्या बाजूने ढकलून आत घातला तर नाही. आणि पाय जमिनीला लागला की तुम्ही खेळाबाहेर, कोर्टाच्या मध्यावर ठरवलेल्या जागी जाऊन स्टिकने टॅप करून यायचं, मगच परत बॉलला हात. तेवढा वेळ तुमची टीम दोघांची, गोल बहुधा तेव्हाच बसतो, म्हणून पाय टेकणं महागात पडतं. (गवतावरची सायकल पोलो वेगळी, ती १८९१ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू झाली आणि १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनी सामना म्हणून खेळली गेली. सिमेंटवरची ही तीन-तीनची पद्धत नंतर अमेरिकेत सियाटलच्या सायकल कुरियरवाल्या पोरांनी काढली. आपल्या इंदूरात पोलोग्राउंड म्हटलं की लोकांना लाइटचं ऑफिस आठवतं, ती गोष्ट निराळी.)

आता पहिले हे बघा की पाय नेमका केव्हा खाली येतो. एक पूर्ण गेम फक्त याच्यावर लक्ष ठेवा, किंवा बाहेर बसलेल्या कुणाला तरी मोबाइलवर शूट करायला सांगा, कारण खेळताना आपलं आपल्याला कळत नाही.

- बॉलपाशी पोचून थांबायला गेलं आणि मागचं चाक घसरलं: ब्रेक
- थांबलेलं असताना परत निघायला गेलं आणि पहिल्याच पायडलला लटकलं: गियर
- कडक वळणात बुटाचं टोक चाकाला लागलं: पायाची जागा
- वळणात पुढचं चाक सरकलं: हवा किंवा कोर्टवरची धूळ
- फटका मारताना एका बाजूला झुकून गेलं: स्टिकची लांबी
- सरळ हळू चालवतानाच हँडल अडकत अडकत फिरतंय, किंवा फक्त एकाच बाजूला तोल जातोय: हेडसेट (हँडलखाली फ्रेमच्या डोक्यात असतं ते छर्ऱ्यांचं बेअरिंग), नाहीतर चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क)
- सुरुवातीला काही नाही, वीसेक मिनिटांनी सुरू होतं: सीट, आणि थोडी तुमची तब्येत

एकाच माणसाला यातली दोन-तीन असू शकतात, पण तरी खालच्या क्रमानेच जा, मधले सोडून एकदम हेडसेट खोलायला बसू नका. फुकटचे उपाय आधी.

झाडू आणि बूट

हो, झाडू. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर काढणाऱ्या शहरात कोर्टवर बोटभर धूळ असते, कारण ते कोर्ट कुणाचंच नसतं. सिमेंटवर बारीक वाळू पडली की टायरला धरायला काहीच मिळत नाही, सरळ जाताना कळत नाही पण वळलात की पुढचं चाक निघून जातं, आणि पुढचं चाक निघालं की बॅलन्स कितीही चांगला असो, पाय टेकणारच. खेळायच्या आधी दोन जणांनी झाडून घ्या, विशेषतः गोलपुढची जागा आणि चारी कोपरे. पावसाळ्यात बाजूची काळी माती टायरला चिकटून आत येते ती वेगळीच तऱ्हा, वाळली की तिची पावडर होते. तेव्हा आत शिरताना टायर पुसून घ्या.

बुटाची लेस आत खोचा, पँटचा उजवा पाय दुमडा किंवा रबर लावा. चपलेवर खेळू नका. सायकलचं साइड स्टँड, मागचं कॅरियर, टांगलेलं कुलूप, बास्केट हे सगळं काढा, स्टँड तर आधी, कारण वळताना ते जमिनीला लागतं आणि सायकल त्याच्यावरच उभी राहायला बघते. हँडलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे बूच आहेत का हे बघा. याचा पाय टेकण्याशी संबंध नाही पण उघड्या पाइपावर पडलं की पोटात गोल भोक पडू शकतं, म्हणून आमच्याकडे बूच नसलेली सायकल कोर्टवर घेतच नाही.

हवा

टायरच्या बाजूला किमान आणि कमाल प्रेशर छापलेलं असतं, माउंटन टायरवर साधारण ४० ते ६५ पीएसआय. ते वाचा आणि गेज असलेल्या पंपाने भरा, अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, अंगठा प्रत्येकाचा वेगळा. हवा कमी असेल तर वळणात टायर रिमखाली दुमडतो आणि सायकल आधी जराशी उशिरा वळते आणि मग एकदम वळते, त्या एकदममध्ये पाय खाली येतो. छापलेल्या कमालच्या वर भरली तर टायर टणक होऊन उसळतो. सिमेंटवर मधल्याच्या थोडं वर ठेवा. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि अर्ध्या लोकांचं वळणाचं दुखणं इथेच संपतं, पुढचं वाचायचीही गरज पडत नाही.

सीट

लोक दोन टोकांना असतात. एक जण रस्त्यावर लांब जायच्या उंचीवर सीट ठेवून येतो, मग थोडं झुकलं की तोल सांभाळायला शरीराला जागाच नसते. दुसरा "पाय पोचला पाहिजे" म्हणून सीट पार खाली करतो, मग गुडघे हँडलला लागतात, मांड्या भरून येतात, वीस मिनिटांत पाय जड होतात आणि जड पाय खाली येतात. मधलं असं काढा: बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली आणा, गुडघा जेमतेम सरळ झाला तर ती रस्त्याची उंची. तिथून दोन-तीन बोटं खाली. सीटचा पाइप वर घेत असाल तर त्याच्यावरची कमीतकमी आत राहायची खूण बाहेर दिसता कामा नये, दिसली तर तो पाइप आखूड आहे, लांब घ्या. नट घट्ट करून मग सीटला बाजूने दणका द्या, फिरली तर अजून आवळा.

ब्रेक: अर्ध्या दुखण्याचं मूळ

याच्यावर मी जास्त बोलतो कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो आणि त्याला पत्ताही नसतो.

उजव्या हातात स्टिक, म्हणजे सायकल चालवायला डावा हात एकटा. आणि आपल्याकडच्या सायकलींत डाव्या लिव्हरला बहुतेक वेळा मागचा ब्रेक असतो. आता बघा काय होतं, थांबताना वजन सगळं पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, त्याच्यावरच ब्रेक दाबला की ते लॉक होऊन बाजूला घसरतं, आणि तुम्ही पाय टाकून स्वतःला वाचवता. त्यात बॅलन्सचा काही दोष नाही, ब्रेक चुकीच्या चाकावर आहे. डावखुरा माणूस असेल आणि डाव्या हातात स्टिक धरत असेल तर त्याच्या उजव्या हातात पुढचा ब्रेक आपोआप येतो, म्हणून डावखुरे लोक आमच्याकडे पहिल्या दिवसापासून बरे खेळतात आणि स्वतःला टॅलेंटेड समजतात.

तपासायचं कसं? सायकलच्या बाजूला उभे राहून ढकलत चालत जा आणि डावा ब्रेक कच्चकन दाबा. मागचं चाक फरफटत आलं तर मागचा, मागचं चाक वर उचललं गेलं तर पुढचा. कुठली केबल कुठल्या लिव्हरला जाते ते बघूनही कळतं.

उपाय तीन. सगळ्यात स्वस्त, केबली अदलाबदल करून पुढचा ब्रेक डावीकडे घ्या. दुसरा, एकाच लिव्हरला दोन केबली लागतात असा लिव्हर मिळतो, तो डावीकडे लावला की दोन्ही चाकं एका हातात, हे सगळ्यात चांगलं. तिसरा, जुन्या दांड्याच्या रॉड ब्रेकवाल्या सायकलीत काहीच बदलता येत नाही, ती खेळायला आणू नका, दूधवाल्याला द्या.

अदलाबदल केलीत तर एक धोका आहे. त्याच सायकलवर घरी जाताना पलासियाच्या चौकात कुणी आडवा आला की हात जुन्या सवयीने दाबतो आणि तुम्ही हँडलवरून पुढे. म्हणून बदल केल्यावर आधी रिकाम्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक मारत फिरा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती सायकल देताना सांगा. पुढचा ब्रेक दाबताना हँडल सरळ पाहिजे आणि ढुंगण थोडं मागे. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक दाबलात तर काय होतं हे एकदा कळतंच.

केबल बदलण्याआधी हेही बघा की लिव्हर दाबल्यावर ग्रिपला टेकतो का. टेकत असेल तर केबलच्या टोकाचा फिरता नट थोडा बाहेर फिरवा. रिमवर तेलाचा हात लागला असेल तर फडक्याने पुसा. रबर झिजून आतलं लोखंड दिसत असेल तर नवीन घाला, रबर स्वस्त असतं, रिम नाही.

स्टिक

सायकलवर बसा, पुढे न झुकता हात सरळ खाली सोडा, कोपर अगदी थोडं वाकलेलं, स्टिकचं डोकं पुढच्या चाकाच्या बाजूला जमिनीवर सपाट बसायला पाहिजे. जमिनीपर्यंत पोचतच नाही तर तुम्ही प्रत्येक फटक्याला अख्खं अंग उजवीकडे टाकता, आणि अंगामागे पाय जातो. जमिनीत रुतत असेल तर फटका मारताना खांदा वर उचलला जातो आणि सायकल डावीकडे पळते. आमच्या मंडळीत ८५ ते १०० सेंटीमीटरच्या मधलं काहीतरी सगळ्यांना बसतं.

घरी बनवत असाल तर दांड्याला अॅल्युमिनियमचा पाइप आणि डोक्याला ६३ मिलीमीटरचा काळा एचडीपीई पाइप, शेतात पाण्याला वापरतात तोच, सियागंजच्या हार्डवेअरवाल्याकडे तुकडा मिळतो. बारा-तेरा सेंटीमीटर कापा, आरपार बोल्ट टाका. पांढरा पीव्हीसी घेऊ नका, तो फुटला की धारदार कपच्या उडतात. दांड्याचं वरचं टोक बंद करा. बॉल स्ट्रीट हॉकीचा प्लास्टिकचा, लेदर बॉल अजिबात नाही.

स्टिक पुढच्या चाकात अडकून पडत असाल तर निवडणुकीनंतर उरलेले सनपॅकचे (पोकळ प्लास्टिकच्या शीटचे) बोर्ड असतात ना, ते चाकाच्या मापाने गोल कापून झिप टायने स्पोकला बांधा. आमच्या कोर्टवर बऱ्याच चाकांवर कुणा ना कुणा उमेदवाराचा अर्धा चेहरा फिरत असतो.

आणि एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही, स्टिक जमिनीवर टेकली तर चालते, फाउल फक्त पायाचा. थांबायचं असेल तेव्हा स्टिक उजवीकडे टेकून तिच्यावर थोडा भार द्या. यानेच निम्मे पाय वाचतात.

बुटाचं टोक

पायडल आडवे करा, हँडल पूर्ण वळवा, बुटाचं टोक चाकाला लागतंय का बघा. लागत असेल तर आधी पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवायची सवय लावा, तळव्याचा मध्य ठेवला की बोटं पुढे जातात. मडगार्ड काढा. तरी लागतंच असेल तर वळताना क्रम पाळा: डावीकडे वळायचं तर डावा पाय पुढे, उजवीकडे वळायचं तर उजवा. कारण हँडल डावीकडे गेलं की चाकाचा मागचा भाग उजवीकडे येतो आणि उजवा पाय पुढे असेल तर त्याच्यावर आदळतो. पूर्ण गोल पायडल न मारता अर्धं पुढे, अर्धं मागे असं करत वळा. दोन रविवार विचित्र वाटतं.

गियर

साध्या काळ्या सायकलीत पुढे ४४ दात आणि मागे १८ असतात, म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. रस्त्याला छान, पोलोला फार जड. थांबलेल्या सायकलीवर जड पायडल दाबायला अंगाचा सगळा भार एका बाजूला टाकावा लागतो आणि सायकल त्याच बाजूला कलते. हलक्या गियरमध्ये छोटे छोटे पायडल मारत राहता येतं, आणि चालत राहिलेली सायकल पडत नाही. पोलोला दीड ते दोनच्या मधलं गुणोत्तर बरं, म्हणजे ३२ ला १८ किंवा ४४ ला २२.

गियरवाली सायकल असेल तर खर्च शून्य, पुढे मधली चकती आणि मागे मोठ्यापैकी एक, आणि खेळात गियर बदलू नका, तिथेच सोडा. बिनगियरची असेल तर मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातांची चकती) १८ चं काढून २२ चं टाका. चार दात वाढले की चाक साधारण १२ मिलीमीटर पुढे सरकवावं लागतं, जागा नसेल तर चेनमध्ये कडी वाढवावी लागते. फ्रीव्हील उघडायला खास हत्यार लागतं आणि जुनं असेल तर ते जाम बसलेलं असतं, छिन्नी-हातोडी घेऊन घरी सुरू होऊ नका, दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

हेडसेट, चिमटा आणि फ्रेम

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी सरळ हळू चालवताना पाय येतोच, किंवा फक्त एकाच बाजूला येतो, तर आता ही तपासणी. फ्रेमचा वरचा दांडा धरून पुढचं चाक हवेत उचला आणि हँडलला बोटाने हलकासा धक्का द्या. ते आपोआप दोन्हीकडे सारखं पडायला पाहिजे. मध्यावर येऊन खट्ट करून थांबत असेल तर हेडसेटच्या कटोरीत छर्ऱ्यांनी खड्डे पाडलेत. हळू चालवताना आपण हँडल सतत केसभर इकडे-तिकडे करत तोल राखत असतो, त्या खड्ड्यामुळे केसभर हलवता येत नाही, एकदम बोटभर हलतं, आणि मग माणसाला वाटतं आपला बॅलन्स गेला. जुन्या सायकली घेऊन आलेल्यांमध्ये हे फार सापडतं, आणि कुणालाच ते आधी सुचत नाही कारण वेगात चालवताना काही जाणवत नाही.

उलटही असतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलखाली टकटक झालं तर हेडसेट ढिला आहे. ढिला किंवा नुसता घट्ट असेल तर वरचे नट थोडे फिरवून जमतं, पाने असतील तर स्वतः करा. खड्डे पडले असतील तर कटोऱ्या बदलाव्या लागतात, माल स्वस्त आहे पण त्या सरळ ठोकून बसवणं हे मिस्त्रीचं काम. वाकड्या बसल्या तर महिन्याभरात परत तेच.

आता जिथे हात लावायचाच नाही ते सांगतो. सायकल समोरून बघताना चिमट्याचे दोन पाय सारखे दिसत नसतील, किंवा समोरासमोर धडकेनंतर चाक फ्रेमच्या जवळ आल्यासारखं वाटत असेल, किंवा चिमट्याच्या खांद्यापाशी नाहीतर फ्रेमच्या डोक्याजवळ रंगात बारीक भेग दिसत असेल, तर त्या दिवसापुरता खेळ बंद, आणि घरीही चालवत न जाता ढकलत न्या. चिमटा तुटतो तेव्हा सूचना देत नाही. अॅल्युमिनियमचं वाकलेलं काही सरळ करून घेऊ नका, कुणी "करून देतो भिया" म्हटलं तरी नाही, लोखंडी चिमटाही बदललेलाच बरा. चाकात आउट असेल, म्हणजे ते डुलत फिरत असेल, आणि रिम ब्रेकला घासत असेल तर तोही दुकानात द्या, स्पोक स्वतः आवळत बसलात तर अजून वाकडं होतं. क्रँक (पायडलचा दांडा) हलत असेल तर तेही.

सायकल पूर्ण ठीक आहे आणि तरी

मग सराव. गणपतीत गल्लीत स्लो सायकल स्पर्धा व्हायची ना, शेवटी पोचणारा जिंकायचा, अगदी तेच करायचं. वीस फूट अंतर जितकं हळू जमेल तितकं, पुढचं पायडल आडवं, हँडल थोडं एका बाजूला वळवलेलं, नजर बॉलवर नाही तर पाच-सात फूट पुढे. खाली बघितलं की डोकं झुकतं आणि डोक्यामागे सायकल. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग स्टिक घेऊन.

पडल्यावर तळहातावर आपटलात आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात, दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर मोच समजून आयोडेक्स चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर परत दाखवा. डोक्याला मार लागून उलटी, गरगर किंवा झोप येत असेल तर लगेच हॉस्पिटल. आणि पडलेलं नसतानाही हळू चालवताना गरगरत असेल, सायकलवरून उतरल्यावरही तोल जात असेल, तर ते कानाचं किंवा बीपीचं काही असू शकतं, ते कोर्टवर सुटणार नाही, आधी डॉक्टर मग पोलो.

मिस्त्रीकडे सायकल नेताना "बॅलन्स जातो" असं सांगू नका, तो टायरमध्ये हवा भरून परत देईल. पुढचं चाक उचलून, हँडल बोटाने ढकलून ते खट्ट कुठे होतं हे त्याच्यासमोर दाखवा.